पिंपातली पुस्तकं

मी मुळातच भित्री. आई म्हणायची, ही पाळण्यातसुद्धा दचकत दचकत झोपायची. शाळेत तपासनीस आले की मी बाकाखाली लपायची. तारवाला दिसला की मी आधी रडून घ्यायची आणि मग तार कुणाची ते विचारायची. अशा मुलीला नोकरी लागली ती पुस्तकांच्या कचेरीत, तेव्हा घरच्यांना हायसं वाटलं. पुस्तकं काही कुणाला चावत नाहीत, असं वडील म्हणाले.

नगरला ख्रिस्ती मिशनच्या आवारात, एका जुन्या बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत आमची कचेरी होती. खेड्यापाड्यातले प्रचारक, शाळामास्तर, पाळकांच्या विधवा वह्याच्या वह्या भरून लिहायच्या. भजनं, कीर्तनाची आख्यानं, सासवासुनांच्या बोधकथा, प्रभूच्या गोष्टी. ते सगळं आमच्याकडे यायचं. त्यातलं बरं निवडायचं, धुऊनपुसून नीट करायचं आणि पुण्या-मुंबईच्या प्रकाशन मंडळांच्या गळी उतरवायचं, एवढं आमचं काम. पुस्तक आमचं नाही, छापखाना आमचा नाही, पैसाही आमचा नाही. आम्ही नुसते स्थळं जुळवणारे. लग्न मोडलं की मात्र दोन्हीकडचे आम्हालाच बोल लावायचे.

कचेरीत माणसं दोन. मी आणि सर. सर मिशनच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. बंद गळ्याचा कोट ते मे महिन्यातही घालायचे. मला ते 'बाई' म्हणायचे, मी त्यांच्या मुलीपेक्षा लहान असूनही. डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता आणि ऑपरेशनला ते तयार नव्हते. माझ्या भित्रेपणावर हसायचे, पण स्वतः डॉक्टरच्या कात्रीला भ्यायचे. त्यामुळे शेवटी शेवटी ते ऐकायचे आणि मी वाचायची.

सरांची एक रीत होती. पुस्तक बाजारात जाण्याआधी एखाद्या गावात नेऊन मोठ्याने वाचायचं. माणसं जिथे चुळबुळ करतील तिथे पेन्सिलीने खूण करायची आणि पुढच्या छपाईत तेवढं काढून टाकायचं. लेखक रागवायचे, सर ऐकायचे नाहीत. "आपली माणसं तोंडावर वाईट बोलत नाहीत," ते म्हणायचे, "पण त्यांची मांडी खोटं बोलत नाही."

दुष्काळाच्या त्या वर्षांत सगळंच बदलत होतं. वेगवेगळ्या मिशनांची चर्चं एकत्र झाली होती. परदेशी माणसं एकामागून एक मायदेशी निघाली होती. कचेरी सुरू करणाऱ्या आमच्या मडमबाईही गेल्या. जाताना त्यांनी कपाटाच्या किल्ल्या सरांच्या हातात दिल्या आणि तुळशीच्या बियांची पुडी माझ्या. मुंबईच्या मंडळावर आता आपलीच माणसं आली, आणि ती आपलीच असल्यामुळे जास्त हिशेबी होती. परदेशातून येणारा पैसा आटत चालला होता. तिकडेच छापलेली गुळगुळीत, रंगीत पुस्तकं स्वस्तात मिळत होती, आत फक्त मराठी मजकूर भरायचा. चित्रातल्या पोरांचे केस सोनेरी आणि गाल डाळिंबासारखे. एकदा मंडळाचं पत्र आलं. खेड्यातल्या लेखकांची पुस्तकं लोकांना खरोखर हवी आहेत का, हे बघायला आमचा एक माणूस येईल, त्यानंतर कचेरी चालू ठेवायची की मुंबईच्या कचेरीत मिसळून टाकायची ते ठरवू.

ते पत्र वाचून दाखवताना मी रडायलाच लागले. वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते आणि घर माझ्या पगारावर उभं होतं. सर मात्र शांत होते. म्हणाले, "बघू द्या की. आपण पुस्तक वाचू, तो माणसं बघेल."

वाचायला निवडलेलं पुस्तकही तसंच तोलामोलाचं होतं. सोनईकडच्या एका प्रचारकाच्या विधवेने प्रभूच्या गोष्टी आपल्या बोलीत लिहिल्या होत्या. तिच्या गोष्टीत समुद्र नव्हता, कारण तिने तो पाहिलाच नव्हता. तिचा प्रभू गोदावरीतून होडीने जायचा, भोयांच्या वस्तीवर उतरायचा आणि त्याचे शिष्य पायातले काटे काढत मागे राहायचे. मुंबईच्या मंडळाला हे गावंढळ वाटलं होतं. सरांनी भांडून भांडून थोडी छपाई करून घेतली होती. आमचं जगणं-मरणं आता त्या पातळशा पुस्तकावर होतं.

पुस्तकं ठेवायला आमच्याकडे पिंपं होती. कचेरीत वाळवी इतकी होती की कपाटातलं पुस्तक काढावं तर हातात नुसता पुठ्ठा यायचा. दुष्काळी मदतीची दूधपावडर ज्यातून यायची ती जाड पुठ्ठ्याची, पत्र्याच्या झाकणाची पिंपं आवारात रिकामी पडलेली असायची. सरांनी ती उचलून आणली, त्यांत पुस्तकं भरली, आणि वाळवीला तोंड मारायला जागा उरली नाही. पिंपावर परदेशी मदतीचा छाप होता, एका हाताने दुसरा हात धरलेला, धान्याच्या पोत्यांवर असायचा तोच. गावोगावी लहान पोरंसुद्धा तो छाप ओळखत होती. आम्ही रोज बघून बघून तो बघायचं विसरलो होतो.

आणि गंमत म्हणजे सरांचा एक कडक नियम होता. धान्य आणि पुस्तक एका गाडीतून जायचं नाही. धान्य दाखवून धर्म गळ्यात बांधतात असं कुणी म्हणायला नको, म्हणून मिलोची पोती घेऊन जाणाऱ्या जीपमध्ये त्यांनी कधी पत्रकसुद्धा ठेवू दिलं नाही. मिलो म्हणजे ती परदेशी तांबडी ज्वारी, तेव्हा घरोघर तिचीच भाकरी. इतक्या सोवळ्याने वागणाऱ्या माणसाने पिंपांचा विचार केला नाही, आणि मीही केला नाही.

मुंबईचे साहेब तरुण होते. गळ्यात कॅमेरा, बोलायला मोकळे, मनाने वाईट मुळीच नव्हते. तेच जीप चालवत होते. शेवगावच्या अलीकडे आत वळून एका गावी जायचं होतं. तिथल्या प्रचारकाला सरांनी आधी कार्ड टाकलं होतं, पण तो आजारी बायकोला घेऊन नगरच्या दवाखान्यात येऊन बसला होता, हे आम्हाला नंतर कळलं. म्हणजे आम्ही का येतोय हे त्या गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

गावाबाहेर रस्त्याचं दुष्काळी काम चाललं होतं. बाया रांगेने बसून खडी फोडत होत्या. तोंडाला फडकी, पापण्यांवर पांढरी धूळ. आमची जीप जवळून गेली तशा हातोड्या एकामागून एक थांबल्या. मी मागे वळून बघितलं. सगळ्या उठून उभ्या राहिल्या होत्या आणि जीपच्या मागे बांधलेल्या पिंपांकडे बघत होत्या. माझ्या मनात काहीतरी कुरतडलं, पण काय ते कळलं नाही.

गावातलं चर्च म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि पुढे कडुलिंबाचं झाड. आम्ही पिंपं उतरवून सावलीत ठेवतो न ठेवतो तोच माणसं येऊ लागली. आधी खडीवरच्या बाया, मग म्हातारे, मग सगळं गावच. प्रत्येकीच्या हातात खडीची पाटी. कुणाकडे पिशवी, कुणाकडे पातेलं, एका म्हाताऱ्याने तर धोतराचा सोगाच पुढे धरला होता. कुणी काही न सांगता ती माणसं लिंबाखाली रांगेने बसली, पाट्या मांडीवर घेऊन.

साहेब हरखून गेले. "सर, एवढी माणसं? पुस्तक ऐकायला?" असं म्हणत ते फोटो काढायला धावले. सरांना चेहरे दिसत नव्हते, मांडीवरच्या पाट्या तर नाहीच. त्यांना नुसती गर्दी दिसत होती आणि त्यांच्या तोंडावर असं काही सुख पसरलं की ते मोडायचं माझ्या जिवावर आलं. मी त्यांच्या कानाशी लागून म्हटलं, "सर, ही माणसं मिलो घ्यायला आलीत. पिंपं बघून आलीत."

सर हाताने चाचपत पिंपापाशी गेले. मग त्यावरच्या छापावरून बोटं फिरवली आणि तिथूनच मोठ्याने म्हणाले, "मंडळी, ऐका. आमच्याकडं धान्य नाही. ही पुस्तकांची पिंपं आहेत. आम्ही पुस्तकवाले." एका पिंपाचं झाकण काढून त्यांनी वरचं पुस्तक उचलून दाखवलं.

कुणी हललं नाही. पुढच्या बाईने शेजारणीला समजावलं, "आदी पुस्तक ऐकायचं, मग माप. तिकडं माझ्या भैनीच्या गावाला बी आदी नावं लिवली, मंग वाटलं."

फेटा बांधलेला एक माणूस मागे उभा होता. तो हसून म्हणाला, "वर पुस्तकं, खाली मिलो. आमाला काय कळत न्हाई व्हय?"

त्यांचा तो विश्वास ढळेना. ओरडणाऱ्या माणसाला भ्यायची मला सवय होती. शांत बसलेल्या एवढ्या माणसांना कसं भ्यायचं ते मला माहीत नव्हतं. सर सगळी पिंपं आडवी करायला निघाले होते, साहेबांनी त्यांचा हात धरला. "सर, तुम्ही खरं ते सांगितलंत. आता बसलीच आहेत तर वाचून बघू. मला तेवढंच तर बघायचंय." सर थांबले. आयुष्यभर त्यांनी गावोगावी पुस्तकं वाचली, पण एवढे श्रोते त्यांना कधी मिळाले नव्हते. ते खाली बसले आणि म्हणाले, "वाचा, बाई."

मी वाचू लागले. असं ऐकणारं माणूस मी पुन्हा कधी पाहिलं नाही. पोरं रडली तर आयांनी पदराखाली घेतली. हसायची जागा आली की सगळे हसायचे, जरा जास्तच हसायचे, आणि हसताना पिंपांकडे बघायचे. एकाही मांडीची चुळबुळ नाही. साहेब भिंतीला टेकून वहीत काहीतरी लिहीत होते आणि मान डोलावत होते. मला कळत होतं की कचेरी वाचतेय. वडिलांचं औषध, सरांच्या दोन खोल्या, सगळं वाचतंय. आणि हेही कळत होतं की शेवटचं पान उलटलं की ही माणसं उठतील आणि पाट्या पुढे करतील. मग मी सावकाश वाचू लागले. नसलेले स्वल्पविराम घेऊ लागले. पण पुस्तक पातळ होतं, उजव्या हाताखालची पानं भराभर संपत होती.

त्यात पुढची गोष्ट कोणती हे मला पाठ होतं, आणि ती जवळ येत चालली होती. रानात जमलेल्या हजारो भुकेल्या माणसांची गोष्ट. एका पोराकडे पाच भाकरी आणि दोन मासे असतात, प्रभू माणसांना बसायला सांगतो, भाकरी मोडत जातो आणि सगळे पोटभर जेवतात. सोनईच्या त्या बाईने ती गोष्ट जीव ओतून लिहिली होती. तिने भाकरीचा वास लिहिला होता, पापुद्रा लिहिला होता, पंगतीत वाढताना होते ती घाई लिहिली होती. मी सरांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते. पान गाळावं असं मनात आलं, पण बोट हलेना.

मी वाचलं. लिंबाखाली माणसं पुढे सरकून बसली. पुढच्या रांगेतली ती मघाची बाई, तोंडावर खडीची धूळ, हातोडीने फुटलेला अंगठा चिंधीत बांधलेला, तिने मला मधेच थांबवलं.

"समद्यांना पुरलं?"

"पुरलं," मी म्हटलं.

"बायकांना बी?"

"हो."

"आन उरलं?"

पुस्तकात होतं ते सांगणं भाग होतं. "बारा पाट्या उरल्या."

तिने मांडीवरच्या पाटीतली खडीची कच पदराने पुसून काढली. तिचं बघून शेजारणीनेही पुसली. मग सगळ्या रांगेने. पदरांची ती सळसळ ऐकून मला वाटलं, आता ही माणसं आपल्याला जिवंत सोडणार नाहीत, आणि सोडूही नये.

पुढची दोन-तीन पानं मी कशी वाचली ते आठवत नाही. पुस्तक मिटलं. फेटेवाल्याने विचारलं, "झालं का?" मी मान हलवली. माणसं उठली आणि पिंपांपुढे रांग लावून उभी राहिली. धक्काबुक्की नाही, काही नाही.

सर उठले. आता त्यांनी कुणालाच हात धरू दिला नाही. पहिलं पिंप त्यांनी दोन्ही हातांनी आडवं केलं. पुस्तकं धुळीत पसरली. दुसरं केलं. तिसरं केलं. प्रत्येक पिंपाचा तळ त्यांनी लोकांना दाखवला. कोटाची बटणं तुटली तरी ते थांबले नाहीत. "बघा. मी म्हणालो होतो," एवढंच ते म्हणत होते.

फेटेवाला पुढे आला. मी जीपच्या दाराला घट्ट धरून उभी होते. त्याने एक पुस्तक उचललं, उलटंपालटं केलं आणि परत खाली ठेवलं. "खडीवरचा अर्दा दिस गेला बायांचा," तो सरांना म्हणाला. "मुकादम आता अर्दा खाडा मांडंल. पुस्तक ऐकवायचं हुतं तर पुस्तकावानी यायचं, मास्तर." आवाज चढवला असता तर मला सोसलं असतं. सरांनी हात जोडले. साहेबांनी कॅमेरा गळ्यातून काढून जीपमध्ये ठेवला होता.

आता दगड येतील म्हणून मी डोळे मिटले. उघडले तर ती पुढची बाई माझ्यासमोर उभी होती आणि तिने पाटी पुढे धरली होती.

"टाक त्यातलं यक."

मला कळेना. मी विचारलं, "वाचता येतं तुम्हाला?"

"मला काय करायचंय वाचून. रिकामी पाटी घेऊन घरला कशी जाऊ? वाटेवरनं पोरीला सांगून आलेय, जातं पुसून ठिव म्हनून. ती दारात हुबी असंल."

मी खाली वाकून पुस्तक उचललं, त्याची धूळ झटकली आणि तिच्या पाटीत ठेवलं. मोठ्या पाटीत ते अगदीच एवढंसं दिसत होतं. तिने आणखी एक मागितलं, मग आणखी एक. मग तिने त्यावर पदर ओढून घेतला, कडा खोचल्या, आणि पाटी डोक्यावर घेऊन निघाली. तिच्यामागची पुढे झाली. तिच्यामागची. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. सगळी पुस्तकं संपली, मग काहीजणींनी पिंपांची झाकणं घेतली. बाया वस्तीकडे निघाल्या, प्रत्येकीच्या डोक्यावर पदराने झाकलेली पाटी. पाठीमागून बघणाऱ्याला वाटलं असतं की आज गावात सगळ्यांना मिळालं.

मुंबईला परतल्यावर साहेबांनी मंडळाला जे घडलं ते लिहून कळवलं, आमच्याविषयी त्यात एकही वाईट शब्द नव्हता, आणि कचेरी बंद झाली. लेखकांच्या वह्या आम्ही ज्याच्या त्याला परत पाठवल्या. सर मुलाकडे राहायला गेले. मला पुढे मिशनच्या शाळेत वर्ग मिळाला, त्या पगारावर वडिलांचं औषध चालू राहिलं. ज्या ज्या गोष्टीला मी भ्याले होते त्या सगळ्या होऊन गेल्या आणि त्यांतून मी निभावले.

एक भीती मात्र गेली नाही. वर्गात मुलींना गोष्ट वाचून दाखवायची, आणि शेवटचं पान आलं की ते उलटायचं मी लांबवायची. लिंबाखालची गर्दी मला आठवत नसे. मला दिसायचं ते एक घर, जे मी कधी पाहिलं नाही. दारात पुसलेलं जातं, त्याच्याशी बसलेली एक मुलगी, आणि तिच्यासमोर आई डोक्यावरची पाटी खाली ठेवते आहे. पदर अजून काढलेला नाही.